दाखलेवाले सर

दाखलेवाले सर एखाद्या दारात उभे राहिले, की सगळ्यात आधी आपल्याच कॉलेजचे दोष सांगायचे. मे महिन्यात आम्ही प्राध्यापक मंडळी गावोगाव फिरतो. बारावी झालेल्यांच्या घरी जायचं, आईबापाला पटवायचं आणि शाळा सोडल्याचा दाखला ताब्यात घ्यायचा, म्हणजे ते पोर दुसऱ्या कॉलेजात जात नाही. तालुक्याच्या लहानशा कला महाविद्यालयात पोरं आली नाहीत तर विषय बंद, आणि विषय बंद तर मास्तर बाहेर. त्यामुळे आम्ही तोंड भरून कौतुक करायचो. आणि हे गृहस्थ ओसरीवर टेकता टेकता म्हणायचे, “आमच्याकडं सायन्स न्हाई. वसतिगृह न्हाई. लायब्ररी पावसाळ्यात गळती. आता पुढचं ऐका.”

मी तेव्हा मराठी शिकवायला नवीनच लागले होते. पहिल्या फेरीत त्यांच्याबरोबर कुंभार पिंपळगावला गेले आणि हे ऐकून माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. बाहेर आल्यावर म्हटलं, “सर, अशानं कोण येईल?” तर म्हणाले, “मॅडम, खोटं बोलून आणलेलं पोर दिवाळीनंतर येत न्हाई.” मला ते काही पटलं नाही. पण दाखले सगळ्यात जास्त त्यांच्याच पिशवीत असायचे, आणि गावोगाव त्यांना ओळखायचे तेही त्याच नावानं.

त्यांचा विषय तत्त्वज्ञान. हा विषय घेऊन पुढं काय, असं कोणी विचारलं की शांतपणे सांगायचे, “नोकरी बिलकुल लागत न्हाई. पण माणूस जल्दी फसत न्हाई.” प्राचार्य कपाळाला हात लावायचे. तरी दरवर्षी पाच-दहा पोरी त्यांच्या वर्गात असायच्याच. दार लावून घेतलं तरी वादाचा आवाज माझ्या वर्गापर्यंत यायचा. देव आहे की नाही यावरून धनगरवाड्यावरची पोरगी सरांना गप्प करतेय, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

मग पदवीची नवी रचना आली. मेजर, मायनर, श्रेयांक, कौशल्याचे पेपर. आम्ही प्रशिक्षणाला जाऊन आलो आणि गेलो त्याहून जास्त गोंधळून आलो. सरांनी मात्र ते दारोदार सांगायला सुरुवातही केली. “मेजर म्हणजे भाकर. मायनर म्हणजे कोरड्यास, कालवण. नुसती भाकर घशाखाली उतरत न्हाई आन् नुसत्या कोरड्यासावर पोट भरत न्हाई. बाकीचे पेपर म्हणजे ताटातला ठेचा-कांदा, पण त्याबिगर ताट पुरं होत न्हाई.” आया माना डोलवायच्या. खरं सांगायचं तर मलाही ते तिथंच समजलं.

त्याच वर्षी त्यांनी रेणुका नावाच्या पोरीला आणलं. तिच्या घरी अजून मेंढरं होती, थोडं शेत होतं. बाप बोलायला कमी. “इथंच असंल तर शिकंल,” तो म्हणाला. “जालन्याला धाडणार न्हाई. न्हाईतर लगीन.” सर म्हणाले, “पदवी इथंच मिळंल. शब्द माझा.” बापानं आत जाऊन दाखला आणून दिला. रेणुकानं तत्त्वज्ञान मेजर घेतलं. पहिल्या वर्षी वर्गात सगळ्यात जास्त तीच भांडायची.

दुसरं वर्ष सुरू होता होता घोटाळा झाला. दोघीतिघींची लग्नं झाली, एक नापास झाली, आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गाची संख्या नियमाच्या खाली गेली. विषय चालू ठेवायचा तर विद्यापीठाकडून खास परवानगी आणायला लागणार होती. प्राचार्यांनी प्रस्ताव तयार ठेवला. आम्ही सगळे सरांच्या बाजूनं होतो. विषय गेला तर सर अतिरिक्त ठरणार आणि निवृत्तीच्या तोंडावर दुसऱ्या जिल्ह्यात कुठंतरी फेकले जाणार, हे उघड होतं. पोरींनीही मला सांगून टाकलं होतं, आम्ही सरांना सोडून कुठंच जाणार न्हाई.

बैठकीत सर उठले आणि म्हणाले, “प्रस्ताव पाठवू नका. माझा विषय बंद करा.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ज्या माणसानं या विषयासाठी मे महिन्याचं ऊन डोक्यावर घेतलं, तो स्वतःच्या हातानं त्याचा गळा दाबत होता. प्राचार्य कसेबसे म्हणाले, “अहो, परवानगी मिळेलही.”

“मिळंल. किंवा न्हाई मिळणार. उत्तर दिवाळीला येईल,” सर म्हणाले. “मेजर बदलायची मुदत शनिवारी संपून राह्यली. न्हाई आली परवानगी, तर हेच मेजर पुरं करायला पोरींना जालन्याला जावं लागंल. त्यांना कोण धाडंल? आजच त्यांना मराठीत टाका.”

मला धक्का बसला तो बसलाच, पण त्याहून जास्त सरांचा राग आला. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या माझ्या वर्गात येऊन बसल्या. रेणुकानं तासभर मान वर केली नाही. माझा वर्ग भरला होता आणि मला शिकवायला सुचत नव्हतं.

बदलीचा आदेश आल्यावर शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. पोरी फिरकल्या नाहीत. भाषणं चालू असताना सरांची नजर सारखी दाराकडं जात होती. मी त्यांना सोडायला बसस्टँडवर गेले, तर तिथं रेणुका उभी. तिनं नमस्कार केला नाही.

“सर, आमाला का न्हाई विचारलं?”

मी मधे पडणार होते, पण सरांनी हातानं थांबवलं.

“विचारलं असतं तर तू काय म्हणली असती?”

“थांबते म्हणले असते. सगळ्याच थांबल्या असत्या.”

“ठाऊक व्हतं मला,” सर म्हणाले. “लई ऐकावं वाटत व्हतं ते. म्हणून विचारलं न्हाई. ऐकलं असतं तर मी तुमाला थांबू दिलं असतं.”

बस लागली. रेणुकानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि जागा धरायला त्यांच्या आधी आत चढली.