तोमानच्या गळ्यातला हार

जेवण उरकून गोजराबाई साळोखे सोप्यातल्या पलंगावर कलंडतात. समोर भिंतीवर दोन फोटो. एक नवऱ्याचा, हिंदुरावांचा. ते जाऊन आठ महिने झाले. दुसरा तोमानचा. चेक देशाचा गोरा फुटबॉलवाला, फॉरवर्ड, हिंदुरावांनी मासिकातून कापून मढवलेला. तालमीच्या फुटबॉल संघाची पोरं अजून मॅचला जाताना त्याच्या पाया पडून जातात. नवऱ्याच्या फोटोला चंदनाचा हार घातला तेव्हा बाईंनी तोमानलाही घातला. एक सजलेला आणि एक बोडका, बरं दिसत नव्हतं.

"आत्ती, तो माणूस अजून जिता आहे," सून म्हणाली होती.

"तू त्याला भाकरी वाढून आलीस काय?"

डोळा लागतो न लागतो तोच हिंदुराव दारात चपला काढतात. "ऊठ गोजरा, मॅच सुरू व्हतीया."

स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला की स्टेडियमची गॅलरी लागते. पेठेतली गेलेली माणसं ओळीनं शेंगा सोलत बसलीत, टरफलांचा आवाज होत नाही. हिंदुरावांच्या शेजारी टॉवेल टाकून जागा धरलेली.

"ही कुणाची?"

"तोमानची. तू हार घातलास, तसा हितं सांगावा आला. समदी वाट बघत्यात."

"मग येऊ द्या की."

"अगं, जिता हाय त्यो!"

खाली मैदान नाही, परमुलखातली गल्ली आहे. बर्फ पडतंय. काठी टेकत एक म्हातारा पावाच्या रांगेत मागे उभा राहतो. एकजण वळून बघतो, टोपी काढतो. सगळी रांग बाजूला सरते. म्हातारा मान हलवतो, जागेवरून हलत नाही.

"खेळ सोडून तीस वर्सं झाली," हिंदुराव म्हणतात. "तरी बघ."

तेवढ्यात कुणी हाक मारल्यासारखा म्हातारा वर गॅलरीकडे बघतो. नेमका टॉवेलाकडे. काठी टेकत एक पाऊल पुढे टाकतो.

"चुकलं म्हणवून घ्यायला आणलंत व्हय मला?"

"तुझ्या तोंडनं? पन्नास वर्सांत ऐकलं न्हाई, आता मेल्यावर कुठलं? निस्ता हार काढ."

बाई टॉवेलाकडे बघत राहतात. "आणि माझी जागा कोण धरणार?"

"तुझी कशाला धरायची? तू आलीस की मानसं आपसूक उठतील."

बाई हसत नाहीत. टॉवेल उचलतात, बर्फ झटकतात. खाली म्हातारा पुन्हा रांगेकडे वळतो.

चहाची वेळ झालेली. गोजराबाईंच्या मुठीत चंदनाचा हार आहे, गार, ओला. तोमानचा फोटो मोकळा. खिळा त्यांच्या हातापासून दोन वीत उंच, आणि स्टूल आत, पिठाच्या डब्याखाली.

सून कप घेऊन येते, भिंतीकडे बघते आणि थबकते.

"आत्ती, हार कुणी काढला?"

"काढला कुणी ते ऱ्हाऊ दे," गोजराबाई म्हणतात. "जित्या माणसाला घातला कुणी होता, ते सांग आधी."