पोळपाटावरचं सॉकेट

लोधिवलीच्या घरून सकाळी सकाळी फोन आला की मी दचकायची, ती वहिनींच्या काळजीनं. फुप्फुसं निकामी होत चाललेली, नाकात ऑक्सिजनची नळी... आज ना उद्या काहीतरी कानावर येणार, हे आम्ही सगळ्यांनी मनाशी धरलं होतं. त्यामुळे त्या सकाळी फोनवर खुद्द वहिनींचाच आवाज ऐकला आणि मला हायसं वाटलं. मग त्या दम घेत घेत म्हणाल्या, "वन्सं, तुमचे दादा उठत नायत हो. चहा गार झाला त्यांचा."

माझा थोरला भाऊ झोपेत गेला. लोक म्हणाले, पुण्यवान मरण. मला रागच आला. असेल पुण्यवान जाणाऱ्यासाठी. मागे राहिलेल्या बाईला प्रत्येक श्वासाला ज्याचा आधार होता, तो माणूस न सांगता निघून गेला, त्याचं काय? हे लिहितानाही तो राग पुरता गेलेला नाही.

दादा खोपोलीच्या एका कारखान्यात फोरमन होता, पण त्याची खरी नोकरी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चालायची. तिथे आमच्या वडलांची अँबॅसिडर उभी असे. बाबांची भातगिरणी बंद पडली, जमिनीच्या वाटण्या झाल्या, गाडी तेवढी दादाकडे राहिली आणि ती बाबांनी ठेवली तशीच ठेवायची, असं त्यानं व्रतच घेतलं. रेडिओ नाही, सीट कव्हर नाही, मोबाईल अडकवायला स्टँड नाही. माझ्या मुलानं एकदा मागच्या काचेवर गणपतीचा स्टिकर लावला, तर दादानं रॉकेलचा बोळा फिरवून तो खरवडून काढला आणि वर मलाच ऐकवलं, "देव देव्हाऱ्यात बसतो गं, काचंवर नाय." मी म्हणायची, ही गाडी नाही, तुझी दुसरी बायको आहे. वहिनी लगेच म्हणायच्या, "दुसरी कुठली? पयली. मी मागनं आले."

वहिनींचं माहेर शेलूचं. त्यांच्या आईला सगळे बय म्हणतात. नव्वदीच्या घरातली, अंथरुणाला खिळलेली, डोळे गेलेले, कान मात्र तिखट. पंधरवड्यातून एकदा लेकीनं जाऊन तिच्या डोक्याला तेल लावायचं, हा मायलेकींचा नेम. आजार वाढला आणि डॉक्टरांनी सांगितलं, ऑक्सिजनशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. प्रवासाचं छोटं मशीन आणलं, पण त्याच्या बॅटरीवर शेलूला जाणं व्हायचं, येणं व्हायचं नाही. नव्या गाड्यांत अशा मशीनची पिन लावायची सोय असते, म्हणून वहिनींच्या भावानं आपली मोठी गाडी पाठवली. त्या उंच गाडीत चढतानाच वहिनींना धाप लागली. शिवाय पाय वर घेऊन अर्धवट टेकून बसल्याशिवाय त्यांना श्वास पुरत नसे आणि ते जमायचं फक्त अँबॅसिडरच्या दिवाणासारख्या मागच्या सीटवर. गाडी परत गेली. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. बयशी फोनवर बोलेन." दुसऱ्या दिवशी दादा पनवेलहून तशी पिन खोचायचं सॉकेट घेऊन आला.

मी त्या दिवशी तिथेच होते. त्या जुन्या गाडीची एक उलटी तऱ्हा आहे. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीची वजा बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, हिच्यात अधिक बाजू. दादाला हे तोंडपाठ. दसऱ्याला गाडी धुताना येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तो ते सांगायचा. आणि नेमका तोच त्या दिवशी विसरला. पाकिटावरच्या चित्रात होती तशी काळी वायर पत्र्याला लावली, लाल फ्यूजकडे, म्हणजे या गाडीत नेमकी उलटी. तपासायला माझ्या फोनचा चार्जर खोचला. बारीकसा फट्ट आवाज आला, जळका वास सुटला, चार्जर खलास. मला हसू आलं. दादा मात्र तिथंच जमिनीवर बसला. "आधी तिचं मशीन लावलं असतं तर गं?" बाबा गेले तेव्हाही मी त्याला इतका घाबरलेला पाहिला नव्हता.

मग त्यानं सगळं उखडलं. बॅटरीपासून दोन्ही वायरी वेगळ्या ओढल्या, नवा फ्यूज घातला आणि ज्याला साधा स्टिकर सोसत नव्हता, त्या माणसानं इंजिन आणि पाय ठेवायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला ड्रिल लावून भोक पाडलं. सॉकेट पत्र्याला टेकलं तर शॉर्ट झालं असतं, म्हणून वहिनींच्या चिरलेल्या पोळपाटाचा तुकडा कापून त्यावर ते बसवलं आणि पुढच्या सीटच्या पाठीला आवळलं. वहिनी बघून म्हणाल्या, "माझ्याआधी पोळपाटच माह्यारी निघाला."

पहिल्याच फेरीत शेलूला लाईट गेली. भोवतीच्या नव्या टॉवरमध्ये जनरेटर सुरू झाले, बयच्या जुन्या घरात अंधार. दादानं गाडी खिडकीशी आणली, धूर आत जाऊ नये म्हणून तोंड खिडकीकडे करून लावली आणि सॉकेटवरून जाड लांब वायर आत वहिनींच्या मशीनपर्यंत सोडली. जुन्या गाडीचा डायनॅमो नुसतं इंजिन चालू ठेवून बॅटरी भरत नाही, ॲक्सिलरेटरवर पाय लागतो. तर दादा पाय दाबून बसला... लाईट येईपर्यंत बसून राहिला. बयला ते मुळीच पटेना. "जावयाला डायवरसारका भायेर बसवलाय, लोक काय म्हंतील?" दादा खिडकीतून ओरडला, "बय, तुमी तेल लावून घ्या. मला हितं वारा लागतोय." वारा कसला? घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानंतर कितीतरी फेऱ्या झाल्या आणि निम्म्याअधिक वेळा त्याची बैठक बाहेरच असायची.

दादाचं तेरावं झालं. आमच्याकडे त्यानंतर बाईला माहेरी नेऊन आणतात, दुखवटा मोडायला. वहिनींनी मला विचारलं, "वन्सं, तुमी चालवाल का आपली गाडी?" मी बँकेतल्या नोकरीपासून गाडी चालवते, पण हिला कधी हात लावला नव्हता. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, तोही दादाच्याच हाताला सरावलेला. कर्जतच्या चढावर गाडी बंद पडली, तेव्हा मला रडूच कोसळलं. वहिनींनी मागून फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला.

शेलूला दारातच वहिनींच्या भावजयीनं हळूच सांगितलं, की जावई गेल्याचं बयच्या कानावर घातलेलं नाही, तिला सोसायचं नाही. वहिनींनी मान हलवली आणि तेलाची वाटी घेऊन आईच्या उशाशी बसल्या. थोड्या वेळानं लाईट गेली. मी मुकाट्यानं उठले, गाडी खिडकीशी लावली, वायर आत दिली आणि पाय दाबून बसले.

उघड्या खिडकीतून बयचा आवाज आला. "जावई आला नव्हं? गाडी वळखली मी. त्याला आत का नाय बोलवत?"

वहिनी रडल्या तर त्यांचा श्वास अडकेल, या भीतीनं मी इकडे गारठले.

वहिनी म्हणाल्या, "ते भायेरच बरं, बय. पाय काढला तर माझं मशीन बंद पडंल."

"मंग ताट तरी दे की त्याला. उपाशी बसलाय बिचारा."

भावजयीनं गाडीच्या खिडकीतून ताट माझ्या मांडीवर ठेवलं आणि तोंडाला पदर लावून ती आत पळाली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भातावर जावयाला वाढतात तसं सढळ तूप. मी ते तसंच ठेवणार होते. पण आतून बय सारखी विचारत होती, "जेवला का गं तो?" आणि वहिनींना हो म्हणता यायला हवं होतं. एक पाय ॲक्सिलरेटरवर दाबून मी माझ्या भावाचं ताट पुसून खाल्लं.