चार बायांचा खांदा
दिवाळी उरकली की आमचा पाडा रिकामा होतो. सुरगाण्याच्या डोंगरात भात-नागली घरात आली की मुकादमाची जीप येते. अंथरुणं, भांडी, लेकरं तिच्यात कोंबून आम्ही दिंडोरीकडच्या द्राक्षबागांवर कामाला जातो, ते थेट उन्हाळ्यात परततो. मागं म्हातारी माणसं तेवढी उरतात. माझ्या बाच्या तरुणपणी असं नव्हतं. डोंगरउतारावरची नागली तेव्हा वर्षभर पुरायची. पुढं भावाभावांत रानं वाटली गेली, तुकड्यांचे तुकडे झाले, आणि एका साली पहिली जीप आली.

बा मात्र कधी बागेवर आला नाही, आयही त्याच्यासोबत घरीच राहायची. "समदेच गेले तर घरं कोन बघंल?" म्हणायचा. बंद घरांच्या कोंबड्यांना दाणे टाकायचा, माकडांनी सरकवलेली कौलं नीट करायचा.

त्या वर्षी माघात काढणी जोरात होती. द्राक्षांची कॅरेट भरत होतो, तेवढ्यात मुकादम धावत आला.

"तुझा बा गेला. काल सकाळीच."

काल! पाड्यावर रेंज नाही. शेजारचा म्हातारा टेकडी चढून दिवसभर मला फोन लावत होता. बागेवरच्या आमच्या झोपडीत वीज नव्हती, माझा मोबाइल दोन दिवस बंदच होता. शेवटी आज त्यानं कुणाकडून तरी मुकादमाचा नंबर मिळवला.

मी पोचलो तेव्हा नदीकाठी नुसती राख होती. आय ओट्यावर बसलेली. मी तिच्यावरच ओरडलो, "एक दिस थांबाया काय झालं व्हतं तुला?"

शेजारची म्हातारीच म्हणाली, "सांज व्हायला आली तरी वाट बघितली रे. तू कवा येशील, कोनाला ठाव? घरात तसंच किती ठेवायचं?"

मग तिनंच सगळं सांगितलं. पाड्यात बापई माणसं दोनच उरलेली. एकाला दिसत नाही, दुसरा दमेकरी, त्यात टेकडी चढून पार थकलेला. मग चार बायांनी पदर खोचले. आमच्याकडं बाया नदीपर्यंतही जात नाहीत, खांदा देणं तर लांबच. तिरडीला पुढं माझी आय होती. उताराची वाट, सुटे दगड. दोनदा तिरडी खाली टेकवावी लागली. एकदा आय गुडघ्यावर पडली, पण बांबू सोडला नाही.

"आग कोनी दिली?" मी विचारलं.

"मीच," आय म्हणाली. मी आल्यापासून तिचा तो पहिला शब्द.

दिव्याच्या उजेडात तिचा खांदा पाहिला. सुजून काळानिळा झाला होता. मी तेल कोमट करून चोळायला बसलो. कशाची माफी मागायची ते कळेना.

"हळू," ती म्हणाली, "दुखतंय." आणि मग इतका वेळ कोरडी असलेली माझी आय रडायला लागली.

दहावं झालं आणि मी परत बागेवर गेलो. काढणी अजून संपली नव्हती.