गिटारच्या पोटातला शिक्का

दाजींनी ड्रिल मशीन सुरू केलं होतं. मांजरसुंब्याला त्यांचा ढाबा आहे. गल्ल्यामागची भिंत त्यांनी नव्यानं रंगवून घेतली होती आणि तिच्यावर त्यांना एक गिटार ठोकायची होती. ठोकायची म्हणजे खरोखर ठोकायची. पोटाला दोन भोकं पाडून त्यातून स्क्रू, मधल्या गोल तोंडातून रंगीत बल्बांची माळ. गिऱ्हाइकांनी समोर उभं राहून फोटो काढायचे.

“थांबा!” मी इतक्या जोरात ओरडले की आत भाकरी थापणारी माझी ताई बाहेर आली.

“कावून?” दाजी म्हणाले. “आता हिचीबी संघटना काढतीस का?”

हा टोमणा वडिलांना होता. माझे वडील बीडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमालांची संघटना चालवायचे. आमच्या घरात पलंगाखाली धान्य नव्हे, पत्रकांचे गठ्ठे असायचे. अक्षरओळख मला पाटीवर नाही, पत्रकांवर झाली. ‘मागणी’ हा शब्द मी ‘मगर’च्या आधी वाचला. दाजींना हे ठाऊक होतं आणि ताईशी लग्न झाल्यापासून ते त्यावर हसत आले होते.

मी गिटार हातात घेतली. कच्ची होती. पॉलिश नाही, तारा नाहीत, खुंट्या नाहीत. मानेवरच्या पट्टीत आडव्या खाचा पाडलेल्या, पण त्यात बसणाऱ्या धातूच्या पट्ट्या, ज्यांना फ्रेट म्हणतात, त्या बसवलेल्याच नव्हत्या. तारा जिला बांधतात ती पोटावरची घोडीही नव्हती. कारखान्यातला टाकाऊ माल वाहणाऱ्या एका ट्रकवाल्यानं ती दाजींना अशीच देऊन टाकली होती. मोबाइलचा उजेड पाडून मी गोल तोंडातून आत पाहिलं. आत लाल शिक्का होता: रिजेक्ट. त्यापुढं काही नाही. का, ते नाही.

मला गिटार येत होती, म्हणजे कॉलेजच्या हॉस्टेलात मैत्रिणीच्या गिटारवर दोन वर्षं बोटं सोलून घेतली होती. हॉस्टेल सुटलं, मैत्रीण गेली, तिच्याबरोबर गिटार गेली. आणि इथं एक गिटार जन्मायच्या आधीच फासावर चालली होती.

“ही वाजणारी वस्तू आहे,” मी म्हणाले. “तुम्ही तिला खिळे मारताय.”

“वाजती कुठं? मेलेली हाय ती.”

“वाजवून दाखवते.”

दाजींना पैज फार आवडते. दसऱ्याला ढाबा सजवायचा होता, कारण त्यानंतर शिरूरकडून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. “दसऱ्याच्या आत वाजली तर तुझी,” ते म्हणाले. “न्हाई वाजली तर भिंतीवर. आन् मंग तोंडातून एक पत्रक काढायचं न्हाई.”

ताई साक्षीदार झाली.

घरी आल्यावर वडिलांनी गिटार उलटीपालटी केली, चष्मा वर करून शिक्का पाहिला आणि विचारलं, “कारण कुठं लिहिलंय?”

“नाही लिहिलं.”

“मग हा निकाल नाही, शिवी आहे.” वडिलांचा हा जुना नियम. कुणावर आरोप करायचा तर खाली कारण लिहायचं. कारण सापडत नसेल, तर पत्रक छापखान्यात न्यायचं नाही. त्यांनी कितीतरी चिडलेल्या लोकांचे कागद याच एका प्रश्नावर परत पाठवले होते.

तेव्हा मीही ठरवलं, कारण शोधायचं. लाकडाला तडा असेल म्हणून बोटानं ठोकत सगळं पोट ऐकलं. तडा नव्हता. आतल्या पट्ट्या सुटल्या असतील म्हणून आरसा आत घालून पाहिलं. नव्हत्या सुटल्या. मान आडवी धरून डोळ्याजवळ नेली, वाकलेली नव्हती. लाकूड चांगलं, जोड चांगला, खाचा सरळ. जसजसा दोष सापडेना, तसतशी माझी चीड वाढत गेली. कुणीतरी ही घडवली होती. पोटाच्या कडा वाकवायला लाकूड भिजवलं, तापवलं असेल. आणि कुणीतरी एक हात वर करून शिक्का मारला, पुढची वस्तू घेतली.

फ्रेट, खुंट्या, तारा, घोडी, सगळं मी फोनवरून मागवलं. व्हिडिओ पाहत एकेक फ्रेट लाकडी हातोडीनं खाचेत बसवली. घोडीची वेळ आली तेव्हा मी मूर्खपणा केला, आणि तो आमच्याच घरात होऊ शकतो. आमच्याकडे जगातली प्रत्येक वस्तू खळीनं चिकटते. मैद्याची खळ, उंदरांनी कुरतडू नये म्हणून त्यात मोरचूद. या खळीनं चिकटवलेली वडिलांची पत्रकं मोंढ्याच्या भिंतीवर पावसाळा काढायची. पावसाला न सुटणारी खळ तारांना काय सुटणार, असं मला वाटलं. पोटाच्या अगदी मधोमध माप घेऊन मी घोडी चिकटवली, दोन दिवस वाळू दिली, तारा ओढल्या.

चौथी तार ताणताना घोडी उडाली आणि थेट वडिलांच्या चहाच्या कपावर आदळली.

“पत्रक वाऱ्यानं उडतं,” कपाचे तुकडे गोळा करत वडील म्हणाले, “पण एवढं जोरात नाही.”

मी मात्र हसले नाही. घोडी उडायच्या आधी मी एक गोष्ट पाहिली होती. सगळ्यात बारीक तार पोटाजवळ मानेच्या बाहेर लोंबत होती. तिच्याखाली दाबायला मानच नव्हती. घोडी तर मी मोजून मध्यावर लावली होती. मग?

पताका बांधायचा दोरा घेतला. एक टोक वडिलांनी मानेच्या वरच्या टोकाला मध्यावर धरलं. मी तो मानेच्या मधून सरळ खाली पोटापर्यंत ओढला. दोरा पोटाच्या मध्यावर आला नाही. डावीकडे पडला, ज्वारीच्या एका दाण्याएवढा. मान उजवीकडे झुकवून जोडलेली होती.

हे कारण! घोडी दाणाभर डावीकडे सरकवली की तारा नीट बसतात. पण मग दुकानाच्या काचेत ती वाकडी दिसते. आवाजाचा दोष नव्हता. आवाज कुणी ऐकलाच नव्हता, ऐकायला तारा तरी कुठं होत्या? दिसण्यात दाणाभर कमी म्हणून आख्खी वस्तू भंगारात. त्या दिवशी मी जेवले नाही. वडील म्हणाले, “राग खरा आहे, पण भाकरीचा काय गुन्हा?”

सुताराकडून पांढरा डिंक आणला. घोडी डावीकडे सरकवून चिकटवली, वर वरवंटा ठेवला. या वेळी सहाच्या सहा तारा चढल्या आणि टिकल्या. पहिला सूर छेडला तेव्हा पोट माझ्या छातीला लागून थरथरलं. आवाज जाड, जरासा खरखरीत, पण पूर्ण.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ढाब्यावर गेले. दाजींनी पिशवीतून गिटार बाहेर काढली, लांब धरली, स्वतःची मान तिरकी करून घोडीकडे पाहिलं.

“ह्ये वाकडं हाय की!”

“वाकडं नाही, सरकवलंय.”

“लई वाकडं दिसतंय. फोटोत कसं दिसंल? ने बाई, तुझी तुला. मी परळीहून दुसरी चांगली आणतो.”

जिंकले होते. पिशवी उचलून निघायचं एवढंच उरलं होतं. पण माझं डोकं असं तापलं की पाय हलेनात. यांनीही तेच केलं होतं. पाहिलं, शिक्का मारला, पुढं.

“ऐकल्याशिवाय नेणार नाही,” मी म्हणाले.

“आगं, दिली म्हन्लं ना!”

“पैज वाजण्याची होती. ऐका.”

गल्ल्यासमोरच्या बाकड्यावर बसून मी वाजवायला लागले. हमालांच्या सभेत डफावर म्हणतात त्या चालीवर, मला येत होते तेवढे सूर. दोन ड्रायव्हर ताट घेऊन जवळ सरकले. दाजींनी फोन खाली ठेवला. मी थांबले तेव्हा ते डोकं खाजवत होते.

“वाजतीया की,” ते म्हणाले. मग धंदेवाल्याचा चेहरा झाला. “मंग असं कर. ऱ्हाऊ दे हितंच. रोज सांच्याला यिऊन वाजवत जा. गिऱ्हाइकं बसत्यात.”

“बोली झालती,” ताई आतून पिठाच्या हातानंच बाहेर आली. “वाजली तर तिची. वाजली. आता मुकाट्यानं द्या.”

ड्रायव्हर हसले. मी पिशवीची चेन लावली आणि बीडच्या जीपला हात केला.

घरी वडिलांनी एकच विचारलं, “कारण लिहिलंस का?”

कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलं: ‘मान दाणाभर उजवीकडे. आवाजात दोष नाही. ऐकून लिहिले.’ तारा सैल करून हात आत घातला आणि चिठ्ठी लाल शिक्क्याच्या बरोबर खाली चिकटवली. त्याला मात्र खळच वापरली.