सोनोग्राफीच्या रांगेत आजींनी काढलेली दृष्ट

मैत्रिणींनो, आज खोटं बोलले आणि ते पाठ सोडत नाहीये.

किती दिवस पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की गच्च वाटतं. डॉक्टरांनी अंडाशयाची सोनोग्राफी सांगितली. द्वारका चौकाजवळच्या सेंटरवर बाटलीभर पाणी पिऊन, लघवी दाबून गरोदर बायकांमध्ये बसले होते.

शेजारी येवल्याकडच्या एक आजी सुनेला घेऊन आलेल्या. माझ्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "कितवा महिना गं बाई?"

"पाचवा." गाठ आहे का बघायला आलेय, हे तोंडातून निघेचना.

आजींनी माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "लय जप. नजर नाय लागायची."

आत डॉक्टर छान गप्पा मारत होत्या. पोटावर यंत्र एका जागी थांबलं आणि त्या पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "गाठ कसली आहे ते बघायला रक्ताची सीए-१२५ तपासणी करून घ्या, सीटी स्कॅनही लागेल. आत्ताच काही सांगता येणार नाही."

बाहेर आजी वाटच बघत होत्या. "बाळ बरं हाय ना?"

मी पोटावर हात ठेवून "हो" म्हणाले.

तो हात अजून तिथेच आहे. रिपोर्ट येईपर्यंत कुठे ठेवू, सांगाल?