पापड, कावळा आणि कॅरीचं एक गॅरेज

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. अमेरिकेतल्या कॅरी गावात, माझ्या शेजारच्या मंदार-वैशालीच्या गॅरेजमध्ये आम्ही चार महिने एक तीन मिनिटांची फिल्म करत होतो. फिल्म एक सेकंद पुढे सरकेपर्यंत दोन किस्से होऊन जायचे!

*

मंदारची आई, म्हणजे आमच्या काकू, मे महिन्यात साताऱ्याहून आल्या. मंदार-वैशाली दिवसभर ऑफिसात. काकूंना ना गाडी चालवता येते, ना इंग्रजी बोलता येतं. "मी पार्सल झालेय गं इथे, कुणी उचललं तरच हलायचं," असं त्या मला म्हणाल्या तेव्हा मी हसले खरी, पण वाईट वाटलं.

मग नात अन्वीने लायब्ररीतून एका जुन्या ब्रिटिश मालिकेची डीव्हीडी आणली. एक बेट, त्यावर लोकरीचा एक म्हातारा आणि त्याची बकरी. बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा जराशी हलवायची, अशी केलेली. संवाद एकही नाही, नुसत्या शिट्ट्या आणि आवाज. अमेरिकेत आल्यापासून टीव्हीवरचं सगळंच्या सगळं काकूंना पहिल्यांदाच कळलं! सगळे भाग दोनदा बघून त्या म्हणाल्या, "यात काय आहे? हे तर मीही करीन!"

लायब्ररी नोव्हेंबरात लोकांनी घरी केलेल्या अशा फिल्म दाखवणार होती. शो शनिवारी, आणि रविवारी काकूंचं परतीचं विमान. जायच्या आधी आपली फिल्म पडद्यावर बघायची, एवढं एकच त्यांनी आमच्याकडे मागितलं.

*

गोष्ट काकूंचीच. गच्चीवर पापड राखणारे आजोबा आणि पापड पळवणारा कावळा. बाहुल्या त्यांनी ब्लाउजपीसच्या शिवल्या. माझ्याकडे कॅमेऱ्याचं बटण. मंदार आयटीतला, त्यामुळे तो न विचारताच मॅनेजर झाला! त्याने भिंतीवर बोर्ड लावला. त्यावर रंगीत चिठ्ठ्या: 'आजोबा, डावा हात वर. इन प्रोग्रेस.'

दर शनिवारी सकाळी आम्हाला उभं करून तो विचारायचा, "मागच्या वेळी काय केलं, आज काय करणार, अडचण काय?"

काकूंची पाळी आली. "मागच्या वेळी आजोबांचा हात शिवला. आज पाय शिवणार. अडचण तू!"

दुसऱ्या दिवशी बोर्ड रिसायकलिंगच्या डब्यात होता.

*

वैशाली फार्मा कंपनीत लॅबमध्ये असते, हात एकदम स्थिर. म्हणून दोऱ्याला टांगलेला कावळा उडवायचं काम तिच्याकडे. एका रविवारी चार तास खपून तिने कावळा कठड्यापासून पापडापर्यंत आणला. चोच टेकायला फक्त तीन फोटो बाकी!

तेवढ्यात मंदार दूध घेऊन आला आणि सवयीने गाडीतूनच रिमोट दाबला. घर्रर्र करत गॅरेजचं दार वर. भसकन ऊन आत. वाऱ्याने बटणाएवढे पापड फरशीभर पसरले आणि कावळा दोऱ्यावर गरागरा फिरायला लागला.

"सॉरी यार, हात आपोआप जातो!" मंदार म्हणाला.

काकूंनी आवाजही चढवला नाही. "गाडी बाहेरच लाव. आणि तूही बाहेरच थांब."

*

दसऱ्याला मात्र काकूंनीच कहर केला. आम्ही जमायच्या आत त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन सगळ्या हत्यारांची पूजा केली. कॅमेरा, लॅपटॉप, कात्री, दिवे, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. इथपर्यंत ठीक. पण आजोबाही त्यांना हत्यारच वाटले!

आदल्या दिवशी आम्ही आजोबांना हात वर केलेल्या स्थितीत सोडलं होतं. काल कपाळ कोरं, आज मधोमध लालभडक टिळा. पुसायला गेलो तर कुंकू कापडात आणखीच मुरलं. वैशाली खालीच बसली. "सगळं परत काढायचं म्हटलं तर शोपर्यंत होणारच नाही, आई!"

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी वाकून आजोबांना नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "वर गेलाय ना हात? तोच कपाळाकडे आण. त्यांनाही दसरा करू दे की!"

सहा फोटोंत हात कपाळावर आला, सहा फोटोंत खाली गेला आणि टिळा जागेवर! मी टाळ्याच वाजवल्या.

*

शोच्या दिवशी लायब्ररीचा हॉल गच्च. पुढे गालिच्यावर पोरं, मागे त्यांचे आईबाप. काकू दुसऱ्या रांगेत, सिल्कची साडी आणि वर मंदारचं जॅकेट. आमची फिल्म सुरू झाली. आणि आवाजच नाही!

लॅपटॉपवर बसलेली लायब्ररीतली बाई घाबरून बटणं दाबायला लागली. वैशालीने माझा हात घट्ट धरला. पडद्यावर कावळा मुकाट्याने येऊन कठड्यावर बसला. एवढ्या महिन्यांची मेहनत अशी मुकी जाणार!

तेवढ्यात अंधारातून, "काव! काव!"

काकू उभ्या राहिल्या होत्या. आजोबा चालले की त्या खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवायच्या, कावळ्याने पापड मोडला की टाळूला जीभ लावून कट्ट! आजोबांचं कुरकुरणं तर हुबेहूब. पोरं हसून लोळायला लागली. टिळ्याला अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मी रडले, कबूल करते.

दिवे लागले. लॅपटॉपवरची बाई ओशाळून म्हणाली, साउंड आता चालू झालाय, आम्ही फिल्म पहिल्यापासून नीट लावतो.

"नो! विथ हर! विथ हर!" गालिच्यावरून एकच गलका.

एरवी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी अन्वी धावत काकूंपाशी गेली. "आजी, त्यांना साउंड नकोय. तूच पाहिजेस!"

काकूंनी पदर खोचला. "मग लावा म्हणावं पटकन. मला बॅग भरायचीय!"