पाहुण्यांची पंगत

झुंबरकाकूंच्या गळ्यात माळ आहे, मासळीचा वास आला तरी त्या पदर नाकाला लावतात, आणि जानेफळजवळच्या आमच्या तलावातल्या माशांना रोज दुपारी जेवू घालतात. एवढं नशीब माणसांनी काढावं.

त्याला कारण आहे. डोणगावला त्यांच्या माहेरची विहीर बुजवली, तेव्हा तिच्यातली मरळ माशांची जोडी काकूंनी बादलीत घालून एसटीनं आणली न् इथं सोडली. माहेरी आता कोणीच उरलं नाही. जे आहे ते या पाण्यात. म्हणून वांग्यांना पाणी देऊन झालं की त्या काठच्या दगडावर बसतात, कणकेची एकेक गोळी टाकतात न् आग्रह करतात, "घे व माय, अजून एक. लाजू नको."

गोळी पडते, वर्तुळ उठतं, पाणी झोपेत हसल्यासारखं हलतं. गोळी कोणाच्या तोंडात गेली हे काकूंनी कधी वाकून पाहिलं नाही. जेवणाऱ्याच्या तोंडाकडं पाहू नये, नजर लागते, ही माहेरची शिकवण.

पण तीन वर्षं मरळीची पिल्लं दिसली नव्हती. शेवटी काकूंनी जाळेवाल्या दीपकला विचारलं.

"मरळ कणिक खातच नाही, काकू. शिकारी हाये ते. तिले बेडूक, मासोळी, जितं लागते."

"मंग एवढे दिवस जेवलं कोन?"

"चिलापी मासळी. बाहेरून आली, आता अर्धा तलाव तिचा. शेवाळ खाते, किडे खाते, तुमची कणिक खाते, अन् मरळीची अंडी सापडली तं थे बी. तुमीच पोसून राह्यल्या तिले."

काकूंनी परात धुऊन पालथी घातली. कणिक बंद.

दुसऱ्या दिवसापासून चिलापी वेळेवर हजर. दगडाजवळ शेकडो तोंडं वर, उघडमीट, उघडमीट.

"काकू, पाहुणे ताटकळून राह्यले," मी म्हटलं.

"सांग त्यायले, यजमानीण मेली."

सहाव्या दुपारी लव्हाळ्यात काहीतरी लाल उमललं. कुंकवाची मूठ पाण्यात पडावी आणि विरघळूच नये, असा पिल्लांचा पुंजका. सगळा एकदम वर यायचा, श्वास घ्यायचा, बुडायचा. खाली एक लांब काळी सावली फिरत होती. मरळ.

"डोणगाव," काकू एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात दगडाजवळची उपाशी चिलापी लव्हाळ्याकडं सरकू लागली. मरळीनं एकीला हाकललं की दुसरीकडून चार. काकू उठल्या. शेताच्या धुऱ्यावरची आपली शिदोरी उचलली न् काठाकाठानं पार सांडव्यापर्यंत पळाल्या. दोन्ही भाकरी कुस्करून पाण्यात उधळल्या.

"या बाप्पा, या! आज पंगत इकडं हाये!"

आधी काहीच हललं नाही. मग अख्ख्या तलावानं कूस बदलावी तशी चिलापी वळली.

"थे लठ्ठ होतीन ना, काकू," जाळं सावरत दीपक पलीकडून ओरडला.

"होऊ दे! तू जाळं इथंच टाक बे, तुले कोनं अडवलं?"

लव्हाळ्यातली पिल्लं आता बोटाएवढी झालीत. पंगत अजून सांडव्यापाशीच बसते. काकू कणिक टाकतात, आणि जेवणाऱ्याच्या तोंडाकडं डोळे वटारून पाहतात.